हेडलाइट लागत नाही? बल्ब बदलण्याआधी वीज कुठे अडली ते शोधा

हेडलाइट बंद पडली की बहुतेक जण सरळ स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन नवा बल्ब घेऊन येतात. पुष्कळदा तेवढ्याने भागतं, कारण बल्ब कधी ना कधी जाणारच असतो. खरी पंचाईत पुढे होते. नवा बल्ब घातला तरी दिवा लागत नाही, किंवा लागतो पण मिणमिणतो, किंवा महिन्याभरात तोच बल्ब पुन्हा जातो. मग फ्यूज बदला, रिले (छोट्या करंटवर चालून दिव्याचा मोठा करंट जोडणारा विजेचा स्विच) बदला, स्विच बदला असं सुरू होतं आणि अंदाजाने बदललेल्या प्रत्येक वस्तूचे पैसे मालकाच्या खिशातून जातात. हे टाळता येतं. हेडलाइटचं सर्किट गाडीतल्या सगळ्यांत सरळ सर्किटांपैकी एक आहे. बिघाड कुठे आहे हे ते सांगतं, मात्र तपासताना दिवा चालू असायला हवा. या एका अटीवर पुढचं जवळपास सगळं अवलंबून आहे.

इथे मी मुख्यतः एच-४ बल्बच्या गाड्यांविषयी लिहितोय. ऑल्टो, जुनी सँट्रो अशा आपल्याकडच्या असंख्य गाड्यांत हाच बल्ब असतो. काचेच्या एकाच नळीत दोन फिलामेंट, म्हणजे तापून उजळणाऱ्या बारीक तारा असतात, अप्परसाठी (लांबवरच्या प्रकाशासाठी) ६० वॅटची आणि डिपरसाठी (जवळच्या, खाली पडणाऱ्या प्रकाशासाठी) ५५ वॅटची, आणि मागे तीन पिना. काही गाड्यांत डिपर आणि अप्परसाठी वेगवेगळे बल्ब असतात. त्यांची तपासणीही जवळपास अशीच होते.

विजेचा रस्ता आधी डोळ्यांसमोर आणा. बॅटरीच्या प्लसपासून वीज फ्यूजमधून रिलेत जाते, तिथून वायरने बल्बच्या होल्डरपर्यंत, मग फिलामेंटमधून अर्थच्या (अर्थिंगच्या, म्हणजे परतीच्या) वायरने गाडीच्या पत्र्यावर आणि पत्र्यातून बॅटरीच्या मायनसला. बॅटरीतून निघालेला करंट बॅटरीत परत पोचला तरच दिवा लागतो. जाण्याची वाट सगळे तपासतात, परतीच्या वाटेकडे फारसं कोणी बघत नाही. जुन्या गाड्यांत मात्र निम्म्याहून जास्त त्रास या परतीच्या वाटेवर आणि मधल्या जोडांवर असतो, असं माझं मत आहे.

लक्षण नीट बघा

अंधार पडल्यावर गाडी भिंतीसमोर उभी करा. आधी डिपर लावा, मग अप्पर, मग स्टीअरिंगजवळची दांडी ओढून फ्लॅश द्या. प्रत्येक वेळी भिंतीवर दोन ठिपके पडतात का आणि दोन्ही सारखेच उजळ आहेत का ते बघा. डॅशबोर्डच्या मीटरमधला अप्परचा निळा दिवा केव्हा लागतो तेही लक्षात ठेवा, त्याचा पुढे उपयोग होणार आहे.

एकाच बाजूचा डिपर गेला असेल तर बल्बवर संशय घ्यायला हरकत नाही. पण विकत आणण्याआधी डावा बल्ब उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावून बघा. बिघाड बल्बबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर बल्बच खराब आहे. तो जागच्या जागी राहिला तर बल्ब चांगला आहे आणि दोष त्या बाजूच्या होल्डरमध्ये, वायरमध्ये किंवा फ्यूजमध्ये आहे. बऱ्याच गाड्यांत डाव्या आणि उजव्या दिव्याला वेगळा फ्यूज असतो, हे विसरू नका.

दोन्ही डिपर गेले आणि दोन्ही अप्पर लागतायत, अशा वेळी डिपर स्विच किंवा डिपरचा रिले तपासावा लागतो. पण त्याआधी दोन्ही बल्ब काढून बघा. शहरात रस्त्यावरच्या उजेडात एका बाजूचा डिपर गेलेला कळतच नाही. आठवड्यांनी दुसरा जातो आणि मालकाला वाटतं की दोन्ही एकदम गेले. डिपर आणि अप्पर दोन्ही, दोन्ही बाजूंचे बंद असतील तर दोष दोघांच्या सामाईक वाटेवर असतो: मुख्य फ्यूज, रिले किंवा स्विच. चार चांगली फिलामेंट एका वेळी जात नाहीत.

बल्ब हातात घेतल्यावर

इंजिन बंद करा, दिवा नुकताच चालू होता तर थोडा वेळ थांबा. हॅलोजन बल्बची काच चालू असताना २५० अंश सेल्सिअसच्या वर तापलेली असते. मागचा कपलर, म्हणजे बल्बच्या पिनांवर बसणारा वायरींचा होल्डर, सरळ ओढून काढायचा, वायर धरून नाही. मग रबरी बूट (बल्बमागचं रबराचं झाकण), मग स्प्रिंगची क्लिप. बल्ब बाहेर काढताना धातूच्या भागाला धरा, काचेला बोट लावू नका. बोटांवरचं तेल काचेवर राहिलं की त्या जागी काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. चुकून हात लागलाच तर स्पिरिट लावलेल्या स्वच्छ कापडाने पुसून घ्या.

काचेकडे नीट पाहा. फिलामेंट तुटलेलं दिसलं तर प्रश्न मिटला. आतून पांढरी भुकटी बसली असेल तर काचेला तडा जाऊन हवा आत शिरली आहे. फिलामेंट शाबूत दिसत असूनही खात्री नसेल तर मल्टिमीटरने रोध (रेझिस्टन्स) मोजा. थंड फिलामेंटचा रोध एका ओहमपेक्षाही बराच कमी असतो, त्यामुळे मीटर जवळजवळ शून्य दाखवतो. तापल्यावर हाच रोध दहा-पंधरा पट वाढतो. म्हणून स्विच टाकल्याच्या क्षणी करंटचा मोठा धक्का बसतो आणि जुने बल्ब नेमके दिवा लावतानाच जातात.

बल्ब वारंवार जात असतील तर बल्बची कंपनी बदलून उपयोग नाही. इंजिन चालू ठेवून रेस थोडी वाढवा आणि बॅटरीवर व्होल्टेज मोजा. साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवं. १५ च्या वर जात असेल तर अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा) व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय. व्होल्टेज फक्त ५ टक्के वाढलं तरी फिलामेंटचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं.

नवा बल्ब बसवताना त्याच्या चकतीचे तीन कान खाचांत नीट बसले पाहिजेत. ते एकाच पद्धतीने बसतात. जोर करून तिरका दाबला तर प्रकाश रस्त्याऐवजी झाडांवर पडतो. आणि रबरी बूट परत घालायचाच. तो नीट बसलेला नसला की पावसाळ्यात पाणी आत जातं, रिफ्लेक्टरचा चंदेरी थर काळवंडतो आणि मग चांगल्या बल्बचाही उजेड पडत नाही. बल्बपेक्षा कितीतरी महाग असलेला हेडलाइटचा सेट या एका रबराच्या तुकड्यापायी जातो.

मीटर १२ व्होल्ट दाखवतो, तरी दिवा लागत नाही

इथे भलेभले फसतात. कपलर बल्बवरून काढला, मीटरच्या सुया आत घातल्या, १२.४ व्होल्ट आले. म्हणजे वायरिंग ठीक, बल्ब खराब. नवा बल्ब घातला, तरी अंधार.

होतं असं, की वायरच्या वीस-बावीस तारांपैकी एकच तार शिल्लक असली किंवा पिनेवर हिरवा गंज चढलेला असला, तरी मीटरला पूर्ण व्होल्टेज दिसतं, कारण मीटर जवळपास करंट घेतच नाही. बल्बला मात्र साडेचार ते पाच अँपिअर लागतात. गंजून चोंदलेल्या नळाच्या पाइपचंही असंच असतं: नळ बंद असेपर्यंत आत दाब पूर्ण, आणि उघडला की बारीक धार. म्हणून व्होल्टेज मोजायचं ते बल्ब जोडलेला असताना, दिवा चालू ठेवून, होल्डरच्या मागून वायरशेजारी सुई आत सरकवून.

मल्टिमीटर नसला तर टेस्ट लॅम्प वापरा. एका टोकाला चिमटा, दुसऱ्या टोकाला सुई आणि मध्ये १२ व्होल्टचा बल्ब. तो स्वतः थोडा करंट घेतो, त्यामुळे अगदीच सडलेली वायर त्याच्यापुढे बहुधा उघडी पडते. हेडलाइटसारखा जड लोड मात्र तो देत नाही, तेव्हा त्याच्या शब्दावर पूर्ण विसंबू नका.

मोजण्याची खरी पद्धत अशी. हेडलाइट चालू. मीटर डीसी व्होल्टवर. लाल सुई बॅटरीच्या प्लसला, काळी सुई बल्बच्या प्लस पिनेला. जे आकडे दिसतील ते व्होल्टेज वाटेत हरवतंय. अर्धा व्होल्ट किंवा कमी असेल तर चालेल. आता लाल सुई बल्बच्या अर्थ पिनेला आणि काळी बॅटरीच्या मायनसला. इथे ०.२ व्होल्टच्या वर जायला नको. या दोन मोजण्यांत कळतं की दोष जाण्याच्या वाटेवर आहे की परतीच्या. मग सुई एकेक जोड मागे सरकवत न्या. ज्या जोडाच्या अलीकडे-पलीकडे आकडा एकदम उडी घेतो, तिथेच बिघाड आहे.

थोडं व्होल्टेज हरवलं तर काय बिघडतं, असं वाटू शकतं. पण फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. बल्बपर्यंत १० टक्के व्होल्टेज कमी पोचलं की उजेड जवळपास ३० टक्क्यांनी घटतो. एखाद्या जोडात फक्त ०.२ ओहम रोध वाढला तरी ५५ वॅटच्या बल्बला जवळपास १ व्होल्ट कमी मिळतो, आणि त्या नखाएवढ्या जोडात सुमारे ४ वॅट उष्णता तयार होत राहते. कपलरचं प्लॅस्टिक आधी पिवळं, मग तपकिरी होतं आणि शेवटी पिनेभोवती वितळतं ते यामुळे. पिन तापते, तिची पकड सैल होते, रोध आणखी वाढतो, पिन आणखी तापते. असा कपलर घासून परत लावण्यात अर्थ नाही. नवा सिरॅमिकचा होल्डर बसवा आणि काळी पडलेली वायर मागे स्वच्छ तांबं दिसेपर्यंत कापून जोडा.

अर्थ गेला की दिवे वेड्यासारखे वागतात

समजा डाव्या हेडलाइटचा अर्थ तुटला. तुम्ही डिपर लावलात. उजवा दिवा ठीक लागतो, डावा मात्र लालसर, मरगळलेला, आणि आत डोकावून पाहिलं तर त्याची दोन्ही फिलामेंट मंद पेटलेली. त्याच वेळी डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवाही अंधुक लागलेला, जरी तुम्ही अप्पर लावलेलाच नाही. अनेक गाड्या या लक्षणावर स्विच बदलून येतात, तरी दोष तसाच राहतो.

कारण समजलं की हे लक्षण आयुष्यभर विसरत नाही. डाव्या डिपर फिलामेंटमध्ये वीज आली, पण पुढे अर्थ नाही. एच-४ मध्ये दोन्ही फिलामेंटचं एक टोक सामाईक असतं. तेव्हा वीज त्या टोकावरून डाव्याच अप्पर फिलामेंटमध्ये उलटी शिरते, अप्परच्या वायरने उजव्या हेडलाइटपर्यंत जाते आणि तिथल्या अप्पर फिलामेंटमधून उजवीकडच्या चांगल्या अर्थला पोचते. म्हणजे तीन फिलामेंट एकामागोमाग एक जोडली गेली आणि १२ व्होल्ट तिघांत वाटले गेले, प्रत्येकाला ढोबळमानाने ४. निळा दिवा याच अप्परच्या वायरवर असल्यामुळे तोही मिणमिणतो. हे लक्षण दिसलं की दुसरं काही उघडू नका, मंद दिव्याच्या अर्थची वायर आणि बोल्ट शोधा.

खात्री करायला एक लांब वायर पुरते. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं त्या दिव्याच्या अर्थच्या पिनेला. दिवा झटकन उजळला तर निदान झालं. अर्थचा बोल्ट बहुधा हेडलाइटच्या मागे, बॅटरीजवळ किंवा रेडिएटरच्या आडव्या पट्टीवर असतो. तो सोडवा, कानाची (वायरच्या टोकाला असलेल्या धातूच्या कड्याची) आणि पत्र्याची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. गाडीचं डेंटिंग-पेंटिंग झाल्यानंतर दिवे मंद झाले असतील तर ही जागा सर्वांत आधी बघा. कानाखाली रंग गेला की रंग वीज जाऊ देत नाही. कोकणात, समुद्राकाठी ठेवलेल्या गाड्यांत हाच बोल्ट खारट दमट हवेने गंजतो.

एक सावधगिरी. बऱ्याच जपानी बनावटीच्या गाड्यांत जोडणी उलटी असते: सामाईक पिनेला प्लस येतो आणि स्विच अर्थ जोडतो-तोडतो. अशा गाडीत वरचं लक्षण असंच्या असं दिसणार नाही आणि टेस्ट लॅम्प भलत्याच पिनेवर लागेल. म्हणून आधी कोणत्या पिनेवर काय येतं ते बघा, मग निष्कर्ष काढा.

फ्यूज, रिले, स्विच

फ्यूज बाहेर काढायचीही गरज नसते. पात्याच्या फ्यूजच्या पाठीवर धातूचे दोन उघडे ठिपके असतात. दिवा चालू ठेवून, टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या मायनसला लावून सुई दोन्हीवर टेकवा. दोन्हीकडे लागला तर फ्यूज चांगला, एकाच बाजूला लागला तर उडालाय. तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. रंगावरून ओळखता येतो: १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. नवाही लगेच उडाला तर कुठेतरी वायर पत्र्याला घासून शॉर्ट होतेय किंवा उंदरांनी कुरतडलीय. पार्किंगमध्ये बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत बोनेट उघडून वायरिंगच्या फांद्या हाताने चाचपून बघाच. अशा वेळी फ्यूजच्या जागी तार किंवा चांदीचा कागद घालू नका, मोठा फ्यूजही नको. फ्यूज वायरच्या संरक्षणासाठी आहे. तो उडला नाही तर वायर तापून पेटते, आणि बोनेटखाली तेल, रबर, प्लॅस्टिक सगळं जवळच असतं.

रिलेचा 'टक्' आवाज आला म्हणजे रिले चांगला, असं मानू नका. आवाज त्यातल्या कॉइलचा असतो, करंट नेणारा कॉन्टॅक्ट जळलेला असू शकतो. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून बघा. दिवे लागले आणि हॉर्न बंद झाला की उत्तर मिळालं.

स्विचवर संशय शेवटी घ्या. फ्लॅश देताना अप्पर लागतो पण दांडी ढकलून लागत नाही, किंवा दांडी थोडी हलवली की दिवा येतो-जातो, तर कॉम्बिनेशन स्विचचे कॉन्टॅक्ट झिजलेत. एअरबॅग असलेल्या गाडीत स्टीअरिंगखालची कव्हरं घरी उघडू नका, पिवळ्या आवरणाच्या वायरींत सुई तर मुळीच घालू नका. ते काम ऑटो इलेक्ट्रिशियनचं.

जास्त वॅटचे बल्ब आणि एलईडी

उजेड कमी वाटतो म्हणून १००/९० वॅटचे बल्ब घालणारे खूप आहेत. ६० च्या जागी १०० वॅट म्हणजे करंट ५ वरून ८ अँपिअरच्या पुढे. वायरीत तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे पावणेतीन पट. मूळ वायरिंग त्यासाठी केलेलं नसतं. घालायचेच असतील तर बॅटरीपासून वेगळी जाड वायर, रिले आणि फ्यूज हवा. पण खरं सांगायचं तर मूळच्या ६०/५५ च्या बल्बला पूर्ण व्होल्टेज मिळवून दिलं, तरी बहुतेकांची तक्रार संपते. एच-४ च्या रिफ्लेक्टरमध्ये बाजारातले एलईडी बल्ब बसवू नयेत, असं मी आवर्जून सांगेन. फिलामेंटची नेमकी जागा धरून रिफ्लेक्टरचा आकार ठरलेला असतो. ती जागा बदलली की प्रकाश विखुरतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातो.

कंपनीतूनच एलईडी हेडलाइट असलेल्या गाड्यांत गणित वेगळं. तिथे बहुधा फिलामेंट नाही, रिले नाही. इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल दिव्याला वीज देतं आणि दोष आढळला तर कोड नोंदवून ठेवतं. अशा गाडीत फ्यूज आणि कपलरमधलं पाणी एवढंच घरी बघावं. जास्त वॅटचा टेस्ट लॅम्प त्या वायरींवर लावला तर मॉड्यूल जळू शकतं. तो कोड वाचणारं यंत्र, म्हणजे स्कॅनर असलेल्या माणसाकडेच जा.

रात्री रस्त्यातच गेले तर

आधी हॅझर्ड लावा, त्यांचं सर्किट वेगळं असतं. वेग कमी करत डावीकडे, रस्त्याच्या बाहेर थांबा, वळणावर नको. मग अप्पर लावून बघा, फॉग लॅम्प लावून बघा, बोनेट उघडून रिले दाबून बघा. खड्ड्याच्या धक्क्याने रिले सैल झालेला असतो. अप्पर लागत असला तर हळूहळू जवळच्या गावापर्यंत जाता येईल. पण आंबोली किंवा ताम्हिणीत पावसाळी धुक्यात हे करू नका. अप्परचा प्रकाश धुक्यावरून परत डोळ्यांवर येतो आणि रस्ता दिसतच नाही. एकच हेडलाइट चालू असेल तर समोरच्याला तुमची गाडी मोटरसायकल वाटू शकते आणि तो अरुंद रस्त्यावर तेवढीच जागा सोडून येतो. उजवी गेली असेल तर धोका सर्वांत जास्त, म्हणून चांगला बल्ब असला तर तो उजवीकडे लावा. डॅशबोर्डच्या कप्प्यात एक एच-४ बल्ब, चार फ्यूज आणि टॉर्च ठेवायला फार जागा लागत नाही.

दुरुस्ती झाली की फोकस तपासा. सपाट जमिनीवर भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा, टायरमध्ये हवा बरोबर हवी आणि चालकाच्या जागी माणूस बसलेला. डिपरच्या प्रकाशाची वरची कड हेडलाइटच्या मध्यापेक्षा साधारण १० ते १५ सेंटीमीटर खाली पडायला हवी. आतून दिव्यांची उंची बदलायचा गोल नॉब असेल तर तो तपासणीआधी शून्यावर ठेवा, आणि मागे माणसं-सामान भरलं की तेव्हा वापरा.